उसनवार

टेप बंद कर, मुला. आधी कॉफी घे.
साखर त्या बिस्किटांच्या डब्यात आहे,
या घरात डब्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही.

हो. तो आवाज माझा.
एकवीस सिनेमे, आणि एकाच्याही शेवटी
माझं नाव पडद्यावरून सरकलं नाही.
एर्सिलिया बॉनफांती होती फक्त पगारपत्रकावर,
जांभळ्या शाईत, मिनिटांच्या भावाने.

तिचं खरं नाव निवेस.
त्रिएस्तेच्या गोदीत वाढलेली,
सार्डिन साफ करणाऱ्या बायकांत ओरडून ओरडून
गळ्याचा दोरखंड झालेला.
निर्माता तोर्क्वाती म्हणाला, चेहरा देवीचा, आवाज हमालाचा,
आणि मला बोलावणं धाडलं.

तिबेरच्या ओलीने फुगलेलं तळघर.
भिंतींना बूच ठोकलेलं.
फिल्मची दोन्ही टोकं जोडून केलेलं कडं
प्रोजेक्टरवर फिरत राही,
तिचे ओठ उघडत, मिटत, पुन्हा तेच उघडत,
चाळीसदा, पन्नासदा,
आणि दर वेळी त्या उघड्या ओठांत
मी माझा श्वास ठेवून येई.
किती पुरुषांना तिने सांगितलं, तुझ्याशिवाय मरेन.
पडद्यावर ते पुरुष पाठमोरे असायचे.
मला दिसायची ती.

मग तो तूरीनचा, विजेच्या पंख्यांचा कारखानदार.
त्याला तो आवाज उशाशी हवा होता.
रात्री अकराला हॉटेलात फोन यायचा.
रिसीव्हर एक, कान दोन,
तिचा गाल माझ्या गालाला, पावडरचा वास,
तिच्या मांडीवर अर्धं सोललेलं संत्रं.
मी त्याला जे म्हटलं
ते सगळं तिच्याकडे बघून म्हटलं.
तो तिकडे रडला.
तिने एक फोड माझ्या तोंडात घातली,
म्हणाली, पुरे, आता झोप आली म्हण.

लग्नात फक्त 'हो' म्हणायचं होतं.
ती खोकली.
पाद्र्याने खोकला 'हो' म्हणून धरला,
पेपरांनी छापलं, आनंदाने कंठ दाटला.
नंतरची चार वर्षं ती चारचौघांत गप्प राहिली
आणि त्या गप्पपणाला लोक गूढ म्हणाले,
गूढावर साबण विकले गेले, मोजे विकले गेले.
नवऱ्याला कधी कळलं, विचारू नकोस.
पंखेवाला माणूस. वारा कुठून येतो
हे त्याला कळत असणारच.

एकदा, फेब्रुवारीत, ती तळघरात उतरली.
फरचा कोट, पायात मात्र घरातल्या सपाता.
स्वतःच्या त्या दोरखंडी आवाजात विचारलं,
माझ्या तोंडाने तू बोलतेस ते
कुणाशी बोलतेस गं?

एकवीस सिनेमांतली सगळी वाक्यं
माझ्या जिभेवर येऊन उभी राहिली.
मी घड्याळाकडे बघितलं.
म्हटलं, माइकशी.

ती हसली.
कशी हसली ते मला अजून लावता आलेलं नाही.
कोट सावरत जिना चढून गेली,
सपातांचा फटफट आवाज वरपर्यंत.

परवा ती गेली तेव्हा टीव्हीवर रात्रभर तिचे सिनेमे चालू होते.
मी आवाज बंद केला
आणि स्वयंपाकघरात उभी राहून सगळं पुन्हा बोलले,
एकही शब्द चुकला नाही. खालची सिन्योरा पेत्रुच्ची
झाडूच्या दांड्याने छत ठोकत राहिली.

एक मात्र लिहून घे.
त्या दिवशी गास्पारेचं यंत्र चालूच राहिलं होतं.
त्याने ते हसू कापलं, जपलं,
आणि एका सिनेमात, जिना उतरतानाच्या प्रसंगात,
कुणाला न सांगता चिकटवून दिलं.
साऱ्या जगाने ऐकलेलं तिचं तेवढंच खरं,
दीड सेकंद.

कुठल्या सिनेमात?
कॉफी गार होतेय, मुला.